जुनी ब्रनो पॉइंट टू टू : मॅगझिनमधून राउंड नीट चढत नाही, काय करावं?

माणदेशी

नमस्कार मंडळी. आमच्या घरी वडिलांची ब्रनो मॉडेल २ रायफल आहे, पॉइंट टू टू (.२२), बोल्ट अ‍ॅक्शन, पाच राउंडचं लोखंडी मॅगझिन. चेकोस्लोव्हाकिया असं नळीवर कोरलेलं आहे त्यामुळं माल जुना आहे हे नक्की. वडील गेल्यावर वारस म्हणून लायसन माझ्या नावावर झालं, कागद सगळे क्लिअर आहेत, आणि आता मी जिल्ह्याच्या रायफल क्लबात जातो, ५० मीटरवर कागदी टार्गेट एवढंच. शिकारीचा विषय नाही.

रायफल बरीच वर्षं कॅनव्हासच्या कव्हरात कपाटात पडून होती. नळी आतून चांगली आहे, क्लबातल्या सरांनी बघितली, नेमपण चांगला लागतो. त्रास फक्त राउंड चढण्याचा. मॅगझिन भरून लावलं की पहिला राउंड (काडतूस) बहुतेक जातो, पुढच्या एखाद्याला हमखास अडकतं. गोळीचं टोक चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या घराच्या, खालच्या कडेला जाऊन टेकतं आणि बोल्ट तिथंच थांबतो, थोडा जोर दिला की शिसं सोलून निघतं आणि मग तो राउंड वायाच. कधी कधी बोल्ट राउंडच्या डोक्यावरून रिकामाच पुढं जातो. आणि जो राउंड आत जातो त्याच्यावर हँडल खाली पाडायला जोर लागतो, मधेच एखादी पुंगळी, म्हणजे वाजलेल्या राउंडचं रिकामं पितळ, बाहेर यायचं नाव घेत नाही.

क्लबात एकानं सांगितलं की चेंबरच्या तोंडाला जो उतार आहे तो बारीक कानस घेऊन घास, मऊ होईल. दुसरा म्हणाला जुनं धूड आहे, देऊन टाक. द्यायची तर नाहीच. पण कानस लावायला हात धजत नाही. कुणाकडं ही रायफल असेल, किंवा या कामातलं कुणी असेल तर नीट सांगा, आधी काय बघू? मॅगझिन, स्प्रिंग, बोल्ट की चेंबर?

माजी_ईएमई

माणदेशी, हात धजत नाही तेच बरोबर आहे, कानस लांब ठेवा. मी फौजेत आर्मोरर होतो, हत्यारं दुरुस्त करण्यातच नोकरी गेली, आणि कानशीनं सुधारलेलं हत्यार मी क्वचितच बघितलंय, कानशीनं कायमचं गेलेली मात्र पुष्कळ. मॅगझिन बिघडलं तर दुसरं मिळतं. चेंबरचं तोंड घासलं गेलं तर ते परत भरता येत नाही, आणि पॉइंट टू टू ला तर जास्तच धोका, कारण या काडतुसाचं पितळ पातळ असतं आणि चेंबरच्या भिंतीनं त्याला सगळीकडून आधार द्यायचा असतो, तोंड जास्त उतरवलं की तेवढा भाग उघडा पडतो आणि पुंगळी तिथं फुगते किंवा फाटते, गरम गॅस तोंडावर.

आता मुद्द्याचं. तुम्ही चार तक्रारी एकत्र लिहिल्यात आणि त्या चारही एकाच कारणाच्या असतील असं नाही. टोक खाली टेकणं आणि बोल्ट वरून जाणं ही एक जोडी, ती मॅगझिनकडं बोट दाखवते. हँडल जड जाणं आणि पुंगळी अडकणं ही दुसरी जोडी, ती चेंबर नाहीतर एक्स्ट्रॅक्टरची, म्हणजे पुंगळी ओढून बाहेर काढणाऱ्या बोल्टवरच्या पंजाची. दोन्ही वेगवेगळ्या तपासा नाहीतर गोंधळ होईल.

पहिली टेस्ट रेंजवर करा, घरी जिवंत राउंड घेऊन बसू नका. रेंजवर मॅगझिन काढून ठेवा, नळी टार्गेटकडं, बोल्ट उघडा, आणि एक राउंड बोटानं सरळ चेंबरमध्ये सोडा. मॅगझिनचा संबंधच नाही. राउंड आपल्या वजनानं किंवा अंगठ्याच्या हलक्या दाबानं रिमपर्यंत (रिम म्हणजे पुंगळीच्या बुडाची बाहेर आलेली गोल कड) आत बसला आणि बोल्ट सहज बंद झाला तर चेंबर ठीक आहे, सगळा दोष मॅगझिनचा. राउंड शेवटच्या दीड-दोन मिलिमीटरला अडून राहिला तर चेंबरमध्ये काहीतरी आहे. या एका टेस्टनं अर्धं काम होतं आणि खर्च शून्य.

आणि एक गोष्ट जीव तोडून सांगतो. अडकलेला राउंड स्क्रूड्रायव्हरनं किंवा चाकूच्या टोकानं उचकटायचा नाही. रायफलच्या मोठ्या काडतुसाला मधोमध टोपी असते, याला तशी टोपी नसते, मसाला, म्हणजे दणक्यानं पेट घेऊन दारू पेटवणारा भाग, पूर्ण रिमच्या कडेत गोल भरलेला असतो. म्हणजे रिमच्या कुठल्याही जागी दणका बसला तर राउंड उडू शकतो, आणि तेव्हा तो चेंबरमध्ये नसेल तर पितळेचे तुकडे डोळ्यात जातात. मॅगझिन काढा, बोल्ट मागं घ्या, रायफल आडवी करून हलवा, बहुतेक वेळा आपोआप पडतो. चेंबरमध्येच घट्ट बसला असेल तर पुढून रॉड घालून ठोकायचा नाही, रेंज ऑफिसरला हाक मारा.

कोथरूडचा_नेमबाज

काकांच्या टेस्टला पूर्ण अनुमोदन. मी बालेवाडीला सराव करतो, ५० मीटर प्रोन, म्हणजे पालथं पडून. आमच्या मॅच रायफली सिंगल लोड असतात, प्रत्येक राउंड हातानंच चेंबरमध्ये ठेवायचा, मॅगझिनच नाही, स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये थ्री पोझिशनला ब्राँझ आणलं तेही अशाच सिंगल लोड रायफलीनं. त्यामुळं मॅगझिनचा अनुभव मला कमी, पण चेंबर आणि राउंडबद्दल लिहितो.

हँडल जड जाण्याचं जुन्या रायफलीतलं एक नेहमीचं कारण म्हणजे आधीच्या काळात तिच्यातून पॉइंट टू टू शॉर्ट, म्हणजे आखूड पुंगळीचे राउंड, वाजवलेले असणं. लाँग रायफल (हे आपल्या नेहमीच्या राउंडचं नाव) याची पुंगळी साधारण १५.६ मिलिमीटर, शॉर्टची १०.७. चेंबर तेच. म्हणजे शॉर्ट वाजवला की पुंगळीच्या तोंडापुढचा जवळपास पाच मिलिमीटरचा पट्टा उघडा राहतो आणि तिथं कार्बन, मेण, शिसं असं सगळं भाजून कडक रिंग तयार होते. मग लाँग रायफल घातला की पुंगळीचं तोंड त्या रिंगमध्ये घुसवावं लागतं. नळी आरशासारखी चकचकीत असली तरी ही रिंग राहते कारण पुल थ्रू (नळी पुसायची दोरी) ओढताना चिंदी तिच्यावरून नुसती सरकून जाते. वडिलांच्या वेळी शॉर्ट सर्रास मिळायचे, घरी कुणाला आठवत असेल तर विचारून बघा. पण नुसते लाँग रायफल वाजवले तरी बरीच वर्षं चेंबर साफ न केल्यानं गोळीचं मेण तिथं साचतंच.

उपाय सोपा आहे. बोल्ट काढा (ब्रनोला ट्रिगर ओढून धरून बोल्ट मागं घेतला की निघतो), चेंबरमध्ये चांगलं बोअर सॉल्व्हंट लावून पंधरा-वीस मिनिटं ठेवा, मग पितळी किंवा ब्राँझचा ब्रश मागच्या बाजूनं चेंबरमध्ये घालून गोल फिरवा. मागंपुढं नाही, गोल. मग कोरडी चिंदी. परत सॉल्व्हंट, परत ब्रश. स्टीलचा ब्रश नको. काळं यायचं थांबलं की झालं.

दुसरं राउंडचं. कुठले वापरताय ते लिहिलं नाही. सपाट टोकाच्या मॅच गोळ्या हातानं घालायला उत्तम पण मॅगझिनमधून चढताना त्यांची कड चेंबरच्या तोंडाला अडते, जुन्या स्पोर्टिंग रायफलीला गोल टोकाचा स्टँडर्ड व्हेलॉसिटी राउंडच बरा पडतो. क्लबातनं दोन-तीन वेगळे ब्रँड थोडेथोडे घेऊन बघा. एकच खोकं धरून बसलात तर दोष रायफलीचा की राउंडचा हे कळणारच नाही. गोळी पुंगळीत ढिली बसलेली असली तर तीही वाकडी होऊन अडते, बोटात धरून हळूच फिरवून बघा, फिरली तर तो राउंड बाजूला.

ओटागोतला_सांगलीकर

माणदेशी, तुमची पोस्ट बघून बरं वाटलं. मी न्यूझीलंडला साउथ आयलंडमध्ये राहतो, इथं शेतावर सशांचा फार उपद्रव, आणि इथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या घरी ब्रनो पॉइंट टू टू सापडतेच, ऑस्ट्रेलियातपण तसंच. लोक आजोबांची ब्रनो नातवाला देतात आणि ती चालते. विकायला सांगणाऱ्याचं अजिबात ऐकू नका, तसलं मशीनिंग आणि तसलं अक्रोडाचं लाकूड आता त्या पैशात मिळत नाही.

माझ्याकडं मॉडेल २ च आहे. मॅगझिनबद्दल सांगतो. वरच्या ज्या दोन वळवलेल्या कडा असतात, इथं त्याला फीड लिप्स म्हणतात, त्या राउंडला किती उंचीवर आणि कुठल्या कोनात धरतात यावर सगळा खेळ आहे. मॅगझिन खाली पडलं, कुणी दातात धरून राउंड भरले, किंवा भरताना राउंड वरून दाबून कोंबले की या कडा उघडतात. अर्धा मिलिमीटर उघडल्या तरी पुरतं. राउंडचं ढुंगण वर येतं, नाक खाली जातं, आणि नाक थेट चेंबरच्या खालच्या कडेवर.

कुठं अडतंय हे डोळ्यानं बघायची एक रीत आहे. डमी राउंड घ्या, म्हणजे ज्यात दारू नाही मसाला नाही असा, पण आकारानं हुबेहूब. दुकानात स्नॅप कॅप म्हणून मिळतात, मात्र त्यातले काही नुसते ड्राय फायरसाठी, म्हणजे राउंड न घालता ट्रिगर खटकावायला, असतात आणि त्यांचं टोक गोळीसारखं नसतं, तसले इथं कामाचे नाहीत. डमीच्या टोकाला काळ्या मार्करनं रंग द्या किंवा मेणबत्तीची काजळी धरा. मॅगझिनमध्ये भरा, बोल्ट सावकाश पुढं न्या, अडलं की तिथंच थांबवून मागं घ्या आणि डमी बाहेर काढून टोक बघा. रंग खालच्या बाजूला गेला असेल तर नाक खाली आहे. वरच्या बाजूला गेला तर नाक जास्त वर. डाव्या किंवा उजव्या अंगाला गेला असेल तर एकच लिप वाकलेली आहे आणि राउंड तिरका निघतोय. मग मॅगझिन डोळ्यासमोर धरून मागून बघा, दोन्ही कडा सारख्या आहेत का. साध्या डोळ्याला कळतं.

मॅगझिनची उंचीपण बघा. लावल्यावर बोटानं खालून वर दाबा. हलतं का? वर सरकतं का? मॅगझिन धरणारा कॅच झिजला असेल तर ते थोडं खाली लोंबतं आणि मग बोल्टच्या तोंडाला राउंडची रिम पुरेशी सापडत नाही, म्हणून बोल्ट डोक्यावरून जातो. ही तुमची दुसरी तक्रार. ज्या घरात मॅगझिन बसतं ते रिसीव्हरला (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागाला) स्क्रूनं लावलेलं असतं, बरीच वर्षं झाली की तो स्क्रू ढिला होतो, तोही बघा.

आणि चांगली बातमी, याची मॅगझिनं अजून बनतात. सीझेडच्या (ब्रनोचीच पुढची पिढी) ४५२, ४५५ ची पॉइंट टू टू ची मॅगझिनं या जुन्या ब्रनोला बसतात, लोखंडी आणि प्लास्टिकची दोन्ही. तिकडं एखाद्याकडं नवी सीझेड असेल तर त्याचं मॅगझिन पाच मिनिटांसाठी उसनं घेऊन लावून बघा. त्यानं चालली तर पुढची शोधाशोध करायचीच नाही.

रानवाटा

एवढं कशाला. माझ्या मामांकडं असंच होतं, त्यांनी पक्कड घेऊन मॅगझिनच्या दोन्ही कडा थोड्या आत दाबल्या, झालं. स्प्रिंग ओढून लांब केली. दहा मिनिटांचं काम. वर्षानुवर्षं चालतंय.

माजी_ईएमई

रानवाटा, मामांचं जमलं असेल, पण वाचणाऱ्या सगळ्यांचं जमेल असं नाही म्हणून लिहितो. त्या कडा टेंपर केलेल्या पत्र्याच्या असतात, पक्कडीच्या दातांनी दाबल्या की खाच पडते आणि तिथूनच पुढं चीर जाते. करायचंच असेल तर आधी व्हर्नियरनं दोन्ही कडांमधलं अंतर पुढं, मधे आणि मागं मोजून कागदावर लिहून ठेवायचं, आत राउंडच्या जाडीचा गुळगुळीत लाकडी किंवा पितळी दांडा घालायचा म्हणजे कड त्यावर टेकून वळेल, आणि एका वेळी केसाएवढंच. प्रत्येक वेळी डमीनं तपासायचं. आणि मागची बाजू पुढच्यापेक्षा वेगळी असते, मागच्या कडा रिमजवळ राउंड दाबून धरतात आणि पुढं गेल्यावर त्यांनी तो सोडायचा असतो. सगळीकडं सारखं दाबलं की राउंड सुटायलाच उशीर होतो आणि नाक अजून खाली जातं. म्हणजे आजार तोच, औषधानं वाढलेला.

स्प्रिंग ओढून लांब करणं म्हणजे तात्पुरतं. ती परत बसते. कमजोर असेल तर बदला.

त्याआधी मॅगझिन धुऊन बघा, कारण बऱ्याचदा स्प्रिंग मेलेली नसतेच, आत मेणाचा आणि जुन्या तेलाचा चिकटा झालेला असतो आणि फॉलोअर, म्हणजे राउंडला खालून उचलणारी पट्टी, अर्ध्यात अडकते. पहिला राउंड जातो आणि पुढचा अडकतो हे लक्षण याच्याशी जुळतं. रिकाम्या मॅगझिनमध्ये फॉलोअर बोटानं तळापर्यंत दाबा आणि सोडा. टुणकन वर आला पाहिजे. रेंगाळत आला तर चिकटा. रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन वाटीत घ्या, मॅगझिन त्यात बुडवून ठेवा, जुन्या टूथब्रशनं आतून घासा, कापडानं पुसून पूर्ण वाळू द्या. आणि वाळल्यावर तेल घालू नका. लोकांना वाटतं जेवढं तेल तेवढं बरं. मॅगझिनमधलं तेल धूळ आणि दारूची राख धरतं, आणि राउंडला लागत राहिलं तर आत झिरपून मसाला खराब करू शकतं, मग मिसफायर. बाहेरून गंज नको म्हणून तेलाचं बोट फिरवून कोरड्या फडक्यानं पुसलं की पुरे.

भरायची पद्धतपण सांगतो, हे फार जणांना कुणी दाखवलेलंच नसतं. रिमवालं काडतूस आहे, त्यामुळं वरच्या राउंडची रिम खालच्या राउंडच्या रिमच्या पुढंच आली पाहिजे. ती मागं बसली तर बोल्ट वरच्या राउंडला ढकलतो तेव्हा त्याची रिम खालच्याच्या रिमला अडते आणि दोन्ही मिळून जाम. राउंड समोरून रिमच्या बाजूनं आत सरकवायचा, वरून कोंबायचा नाही.

माणदेशी

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगत नाही. रविवारी रेंजवर जाऊन आणि घरी डमीवर जेवढं जमलं तेवढं केलं, ते लिहितो.

हातानं चेंबरमध्ये सोडलेला राउंड शेवटाला अडत होता, साधारण दोन मिलिमीटर बाहेर. काकीला विचारलं तर ती म्हणाली आधी छोट्या गोळ्यांची डबी असायची घरात, म्हणजे कोथरूडकर म्हणतात ते शॉर्टच असणार. सॉल्व्हंट आणि ब्रशनं तीन-चार फेऱ्या केल्या, पहिल्या दोन वेळा चिंदीवर काळपट खवले आले, नंतर राखाडी, मग स्वच्छ. आता राउंड सहज बसतो, पण अगदी रिमजवळ अजून किंचित काहीतरी लागतंय असं वाटतं आणि काढलेल्या राउंडच्या पितळेवर रिमच्या पुढं एकाच जागी एक बारीक ओरखडा येतो. प्रत्येक राउंडला, त्याच जागी.

मॅगझिन धुतलं, फॉलोअर आता झटक्यात येतो. बोल्ट डोक्यावरून जाणं बंद झालं. पण नाक अडणं पूर्ण गेलेलं नाही. मार्करनं बघितलं, रंग खालून आणि थोडा उजवीकडून जातो. मॅगझिन मागून बघितलं तर उजवी कड डावीपेक्षा थोडी उघडी दिसते. कॅच घट्ट आहे, मॅगझिन लोंबत नाही.

माजी_ईएमई

शाबास, असं लिहिलं की सांगणाऱ्याला काम सोपं होतं. उजवी लिप वाकली आहे हे तुम्हीच सिद्ध केलंत. आता त्यावर वेळ घालवू नका, दुसरं मॅगझिन बघा, आणि हे जुनं जपून ठेवा, लायसनवाल्या गन हाऊसच्या कारागिराकडून सरळ करून घ्या.

ओरखडा महत्त्वाचा आहे. रायफल रिकामी, बोल्ट बाहेर, टॉर्च आणि भिंग घेऊन चेंबरच्या तोंडाची कड बघा. वाजवलेल्या पुंगळीच्या रिमवर फायरिंग पिनची खूण ज्या जागी पडते, चेंबरच्या कडेला नेमक्या त्याच जागी खड्डा आणि खड्ड्याच्या आतल्या बाजूला बारीक उचललेला धातू दिसतो का? दिसला तर कुणीतरी रिकामी रायफल पुष्कळदा खटकावली आहे. रिमफायरमध्ये पिन रिमवर मारते, रिम नसेल तर काही रायफलींत ती थेट चेंबरच्या कडेवर आदळते आणि तिथला धातू आत चेपला जातो. तो बारीक उंचवटा राउंडला ओरबाडतो आणि वाजवलेली पुंगळी तर जास्तच धरून ठेवतो कारण ती फुगलेली असते. म्हणजे पुंगळी अडकण्याचं कारण हेच असायची दाट शक्यता.

हेसुद्धा कानशीचं काम नाही. याला चेंबर आयर्न नावाचं एक गुळगुळीत, कडक हत्यार असतं, ते चेंबरमध्ये घालून तो आत आलेला धातू परत होता तिथं दाबून बसवतात. धातू कापला जात नाही, म्हणजे चेंबर मोठं होत नाही. गन हाऊसच्या माणसाला आधी विचारा, हे हत्यार आहे का. तो जर म्हणाला घासून देतो तर रायफल उचला आणि दुसऱ्याकडं जा.

एक्स्ट्रॅक्टरचा पंजा पण त्याच्याकडून बघून घ्या. त्याच्याखाली मेण साचलेलं असतं, टूथपिकनं काढा. बऱ्याच पॉइंट टू टू मध्ये राउंड मॅगझिनमधून निघताना त्याची रिम बोल्टच्या तोंडावरून वर सरकत पंज्याखाली जाते, तिथं घाण असली तर रिम मधेच थांबते आणि त्यानंही नाक खाली राहतं.

ओटागोतला_सांगलीकर

काकांनी ओरखड्यावरून बरोबर धरलं. मी फक्त एक जोडतो, बोल्ट चालवताना पूर्ण मागं घ्या. जुनं हत्यार म्हणून लोक हळूहळू, घाबरत चालवतात, बोल्ट शेवटपर्यंत मागं जात नाही, मग तो पुढच्या राउंडच्या रिमच्या मागं पोचतच नाही. थांबेपर्यंत मागं, आणि मग एका दमात पुढं. झटका नको, पण मधे थांबणंही नको.

आणि कॅनव्हासचं कव्हर काढून टाका. ते फक्त न्यायला-आणायला. पावसाळ्यात कापड आणि चामडं ओल धरून ठेवतं आणि रायफलीला आतल्या आत गंज चढतो. कुलपाच्या कपाटात उघडी उभी, सिलिका जेलची पुडी बाजूला.

कोथरूडचा_नेमबाज

गन हाऊसला देण्याबद्दल माणदेशींसाठी आणि नंतर वाचणाऱ्यांसाठीही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणं हत्यार दुरुस्त करायचा धंदा ज्याच्याकडं तसं लायसन आहे त्यालाच करता येतो. आपली रायफल आपण साफ करणं, तेल लावणं, मॅगझिन धुणं हे वेगळं, पण चेंबरचं काम गावातल्या लेथवाल्याकडं किंवा ओळखीच्या फिटरकडं अजिबात द्यायचं नाही, तो कितीही हुशार असला तरी. त्याच्याही गळ्यात येतं आणि तुमच्याही. रायफल नेताना रिकामी, बोल्ट वेगळा, राउंड वेगळे, लायसनची मूळ प्रत सोबत. तिथं जमा केल्याची पावती घ्यायची, त्यावर रायफलीचा नंबर बरोबर लिहिलाय का ते तिथंच उभं राहून ताडून बघायचं, आणि त्यांच्या रजिस्टरला नोंद झाली का ते विचारायचं. काय काम करायचं तेही पावतीवर लिहून घ्या, "चेंबरची कड आयर्न करणे, कापायचं नाही" असं स्पष्ट.

माणदेशी

भिंगातनं बघितलं काका. पिनच्या जागी खड्डा आहे आणि आतल्या अंगाला चमकणारी बारीक कड वर आलेली दिसते, नख फिरवलं तर लागते. एक्स्ट्रॅक्टरखालून मेणाचा पिवळा गोळा निघाला. क्लबातल्या एकाकडं सीझेड ४५२ आहे, त्याचं मॅगझिन लावून डमी फिरवले, सगळे गेले, नाक कुठंच अडलं नाही. नवीन मॅगझिनसाठी दोन दुकानांत सांगून ठेवलंय.

एवढं कळत नाही, चेंबरचं काम होईपर्यंत रेंजवर हातानं एकेक राउंड घालून वाजवली तर चालेल का? की त्यानं ते अजून खराब होईल?

माजी_ईएमई

वाजवल्यानं तो खड्डा वाढत नाही, तो रिकामी खटकावल्यानं वाढतो. तेव्हा आजपासून रिकामं खटकावणं बंद, घरात कुणालाही करू देऊ नका, स्प्रिंग सैल करायची असेल तर स्नॅप कॅप घाला. पण तुमची पुंगळी अडकतेय, आणि अडकलेली पुंगळी काढायला लोक मग काहीतरी टोकदार घालतात, म्हणून माझं मत असं की आधी काम करून घ्या. अगदीच राहवत नसेल तर हातानं एकेक घाला, ट्रे समोर ठेवा, आणि पुंगळी राहिली तर बोल्ट काढून, चेंबर रिकामं म्हणजे आत फक्त वाजलेली पुंगळीच आहे याची डोळ्यानं खात्री करून, क्लीनिंग रॉड पुढून घालून हलक्या हातानं बाहेर ढकला. राउंड न वाजता राहिला असेल तर मात्र रॉड नाही, नळी टार्गेटकडं ठेवून निदान अर्धा मिनिट थांबा, उशिरानं उडण्याची शक्यता असते, आणि मग बोल्ट उघडा.

गन हाऊसमधून आली की पहिल्यांदा डमीनं बघा, मग रेंजवर दोन राउंड भरून, मग पाच. काढलेल्या पुंगळ्या फेकू नका, चार-पाच ठेवा, त्याच्यावर ओरखडा आहे की गेला त्यावरूनच काम कसं झालंय ते कळेल. फोटो काढता आला तर इथं टाका.